असू दे, लागेल कधीतरी

पनवेलहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव-पत्ता छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, तेव्हा छापत नाही. सगळं पत्र इथे देता येणार नाही, पण मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत वाचा:

"आमचं घर जुन्या पनवेलात, वडाळे तलावापासून पाच मिनिटांवर. तळमजल्यावर तीन खोल्या आणि वर माळा. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. सासूबाई आता बहात्तरच्या. स्वभावानं वाईट मुळीच नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी जेवढं केलं तेवढं माझ्या आईनंही केलं नसतं. पण मागची खोली त्यांच्या सामानानं छतापर्यंत भरलीय आणि आता ते मधल्या खोलीत यायला लागलंय. दुधाच्या पिशव्या धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या, तीन पोती. वर्तमानपत्रं २००६ सालापासूनची. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, मोडक्या छत्र्या, मिठाईचे खोके, लग्नपत्रिका, आइस्क्रीमचे डबे, शेजाऱ्यांनी टाकायला काढलेली खुर्चीसुद्धा. त्यांच्या पलंगावर सामान आहे म्हणून गेलं दीड वर्ष त्या स्वयंपाकघरात ओट्याजवळ अंथरूण घालून झोपतात. मुलीला अभ्यासाचं टेबल ठेवायला जागा नाही. ती मैत्रिणींना घरी आणत नाही. कोणी आलं की मी दारातच उभी राहून बोलते. एखादी वस्तू काढायला गेलं की 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणतात, आणि फारच ताणलं तर दोन-दोन दिवस जेवत नाहीत.

आता वाडा पाडून इमारत व्हायची आहे. गणपती झाले की जागा रिकामी करून द्या, असं बिल्डरनं सांगितलंय. आमचे हे म्हणतात, तुम्ही दोघी काय ते बघा. पुढच्या महिन्यात सासूबाई पंधरा दिवस नाशिकला नणंदेकडे जाणार आहेत. मी टेम्पोवाला ठरवलाय. त्या यायच्या आत सगळं काढून, खोलीला रंग देऊन ठेवते. एकदाच काय ते रडणं होईल. बरोबर करतेय ना? शिवाय झुरळं फार झालीत, त्यावर काही उपाय सांगा."

बाई, आधी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवा. उरलेलं त्यानंतर वाचा.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी नेमकं हेच केलं होतं. माझी एक आत्या दादरला चाळीत दोन खोल्यांत एकटी राहायची. शाळेत शिक्षिका होती, लग्न केलं नव्हतं, आमच्यावर जीव. मात्र घर असं की दारातून खिडकीपर्यंत जायला एक पायवाट, दोन्ही बाजूंना छातीएवढे गठ्ठे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती तीन दिवस दवाखान्यात होती, तेवढ्यात आम्ही चौघांनी मिळून दोन टेम्पो सामान बाहेर काढलं. फरशी लाल होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं! नवीन चादर घातली, उदबत्ती लावली आणि मोठ्या कौतुकानं तिला घरी घेऊन आलो.

आत्या रडली नाही, ओरडली नाही. खाटेवर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोऱ्यांचा डबा कुठे ठेवलात?" पूर्वी वाण्याकडचे पुडे दोऱ्यानं बांधून येत. ते दोरे सोडवून, गुंडाळून ती एका डब्यात ठेवायची. आम्ही म्हटलं, "आत्या, पाच रुपयांत नवं रीळ येतं." ती गप्प बसली. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. मात्र त्यानंतर तिनं आम्हाला कुणाला घरात घेतलं नाही. दाराला साखळी, फटीतून चहाची चौकशी. माझ्याकडे असलेली किल्लीही मागून घेतली. वर्ष-दीड वर्षात दोन्ही खोल्या पूर्वीपेक्षा जास्त भरल्या, हे शेजारणीकडून कळलं. पुढच्या एका पावसाळ्यात ती रात्री त्या गठ्ठ्यांमध्ये पाय अडकून पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी दार फोडलं तेव्हा सापडली. मांडीचं हाड मोडलं होतं. पुढे दोन वर्षं होती, पण त्या घरात परत गेली नाही. किल्ली माझ्याकडे असती तर मी सकाळीच गेले असते.

आमचा हेतू वाईट नव्हता. "एकदाच काय ते रडणं होईल", हे वाक्य आमच्यातही कोणीतरी बोललं होतंच.

हा आजार आहे हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. खुद्द डॉक्टरमंडळींकडेही त्याला वेगळं नाव नव्हतं. हात पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप दहादा तपासणं हा जो मंत्रचळाचा विकार, त्याचाच एक प्रकार म्हणून तो धरला जायचा. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या सूचीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेची जी नवी सूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो वेगळा नोंदला आहे. पाश्चात्त्य देशांत ज्या पाहण्या झाल्या त्यांवरून शंभरात दोन-अडीच माणसांना तो असावा, असा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या सासूबाई जगावेगळ्या नाहीत आणि तुमचं घरही नाही.

आता वाचणाऱ्या निम्म्या जणी मनात म्हणत असतील, "अगंबाई, मग मलाही हा आजार आहे की काय!" कारण आपल्या घरांतून टाकायची रीतच नव्हती. जुन्या साड्यांची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. कपड्यांची गाठोडी बोहारणीपुढे टाकून, तिच्याशी तासभर घासाघीस करून स्टीलचं पातेलं घ्यायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून रद्दीवाल्याला द्यायच्या. माळ्यावर रिकाम्या बरण्या ठेवायच्या, मे महिन्यात लोणच्याला काढायच्या. या काटकसरीला कोणी आजार म्हटलं तर माझं त्याच्याशी भांडण आहे. या घरांत वस्तू येते, वापरली जाते आणि कधीतरी जाते. आजारात ती येते आणि थांबते. वस्तूची किंमत काय याच्याशी त्याचा संबंध नसतो. पैठणी आणि दुधाची पिशवी टाकताना सारखाच जीव तुटतो. आणि सामान वाढत वाढत खोलीचं काम बंद पाडतं, पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर रांधता येत नाही. तुमच्या पत्रातली ओट्याजवळच्या अंथरुणाची ओळ वाचली आणि मला बाकी काही विचारायची गरज राहिली नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी यासाठी एक सोपी युक्ती काढली आहे. एकाच खोलीचे नऊ फोटो, पहिल्यात खोली स्वच्छ आणि नवव्यात छतापर्यंत भरलेली. आपलं घर कुठल्या फोटोसारखं दिसतं ते सांगायचं. चौथा किंवा त्यापुढचा फोटो असेल तर मदत घ्यायची वेळ झाली, असं ते समजतात.

"पण साधी पिशवी टाकायला इतकं काय जड जातं?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो टोमण्यासारखाच विचारला जातो. २०१२ साली अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक प्रयोग झाला. हा आजार असलेल्या लोकांना घरून आपली टपालाची रद्दी घेऊन यायला सांगितलं. मग त्यांच्या मेंदूचं चित्रण चालू असताना एकेक कागद दाखवायचा आणि विचारायचं, ठेवायचा की फाडायचा? मधूनमधून परक्याचे कागदही दाखवायचे. फाडा म्हटलेला कागद खरोखर यंत्रात घालून फाडत होते बरं का. परक्याचे कागद असताना या लोकांच्या मेंदूतले विशिष्ट भाग इतरांपेक्षाही शांत होते. आपला कागद समोर आला की मात्र तेच भाग भडकून उठत. "यात महत्त्वाचं काही आहे, चूक होईल, सांभाळ" अशी जी आतून घंटा वाजते, तिच्याशी निगडित असे हे भाग. तुमच्या-माझ्या डोक्यात ही घंटा दागिन्यांचा डबा हरवला तर वाजेल. सासूबाईंच्या डोक्यात ती दर पिशवीला वाजते. म्हणून मग त्या ठरवणंच टाळतात. "असू दे" म्हटलं की घंटा थांबते. हा आळस नाही की हट्ट नाही, आणि तुम्हाला छळायचा बेत तर नाहीच नाही.

दुसरं एक लोक नेहमी म्हणतात, "त्यांनी ७२चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगा पाहिल्या, म्हणून जपतात." ऐकायला पटतं. पण लहानपणच्या गरिबीशी या आजाराचा संबंध संशोधकांनी शोधला तेव्हा तो फारसा सापडला नाही. संबंध सापडला तो आयुष्यातल्या मोठ्या आघातांशी. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, समासात, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, की २६ जुलै २००५ च्या पुरात घरात छातीइतकं पाणी शिरलं होतं, लग्नाचे फोटो, सासऱ्यांची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं. त्याच दिवाळीत सासरेही गेले. आणि वर्तमानपत्रं २००६ पासूनची आहेत. हेच कारण, असं मी इथे बसून म्हणणार नाही. हा स्वभाव बहुधा शाळकरी वयापासून थोडाथोडा असतो आणि वयाबरोबर वाढत जातो. नणंदबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी घर कसं होतं. पण ज्या बाईच्या घरातलं सगळं एकदा पाण्यानं न विचारता नेलं, तिच्या घरातलं दुसऱ्यांदा टेम्पोनं न विचारता न्यायचं का, याचा विचार तुम्ही करा.

आता उपचार. आहे, उपचार आहे. या आजारावर अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, गेल स्टेकेटी आणि रँडी फ्रॉस्ट यांनी, एक पद्धत बसवली आणि जगात बऱ्याच ठिकाणी तीच वापरतात. साधारण सव्वीस बैठका, म्हणजे निदान सहा महिने. काही बैठका दवाखान्यात आणि काही प्रत्यक्ष घरात, त्या सामानाच्या मधोमध बसून. खोली रिकामी करणं हे त्यातलं शेवटचं काम. खरं काम आहे ते ठरवायला शिकण्याचं. एक वस्तू हातात घ्यायची, ती स्वतः त्या माणसानंच घ्यायची, आणि मोठ्यानं बोलायचं: ही का हवी? माझ्याकडे अशा किती आहेत? गेल्या वर्षात वापरली का? गेली तर काय होईल? मग एकच वस्तू प्रयोग म्हणून टाकून पाहायची आणि वहीत लिहायचं, जीव किती तळमळला, दहापैकी किती गुण. संध्याकाळी पुन्हा लिहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सकाळचे आठ दुसऱ्या दिवशी तीनावर आलेले स्वतःच्या अक्षरात दिसतात, तेव्हा जे पटतं ते सुनेनं शंभरदा सांगून पटत नाही. सुरुवात पिशव्या, खोके, बाटल्या अशा बिनआठवणींच्या वस्तूंपासून करायची. फोटो, पत्रं, गेलेल्या माणसाचे कपडे यांना पहिले काही महिने हातच लावायचा नाही.

यात आणखी एक भाग आहे, तो घरच्यांच्या लक्षात येत नाही. बाहेर जाणाऱ्या वस्तूंइतकंच आत येणाऱ्यांकडे पाहावं लागतं, कारण या आजारातल्या बहुतेकांना आणण्याचीही ओढ असते. शेजाऱ्यांची खुर्ची त्यातूनच आली. उपचारात मुद्दाम बाजारात जाऊन, हातात घेऊन, परत ठेवून रिकाम्या हातानं यायचा सराव करून घेतात. पहिल्यांदा फक्त दुकानावरून चालत जायचं, मग आत जायचं, मग वस्तू उचलून ठेवायची. तुम्ही भाजीला निघालात की आईंना सोबत न्या, आणि दहा रुपयांच्या वस्तूंच्या गाडीजवळ थांबलात तर त्यांनी काही न घेता परत आल्यावर घरी चहा करून द्या. कौतुकाचं भाषण नको, चहा पुरे.

औषधांबद्दल विचाराल तर साठवण्याची ओढ थांबवणारी खास गोळी अजून नाही. पण शंभरातल्या पाऊणशे जणांना या आजाराबरोबर उदासपणा किंवा चिंतेचा विकारही असतो, आणि त्यावर गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. मन थोडं वर आलं की वस्तू हातात घ्यायचं बळ येतं. मात्र सगळं लख्ख होईल अशी आशा धरू नका. बरेच जण पुष्कळ सुधारतात, पण घर थोडं भरलेलं राहतंच. पलंगावर झोपता आलं, मुलीचं टेबल बसलं, पाहुण्याला आत बोलावता आलं, तर मी त्याला यश म्हणेन.

कुठे जायचं? केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोला, सासूबाईंसाठी काय करता येईल ते विचारा. पनवेलहून ठाणं लांब नाही. तिथली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आय.पी.एच. संस्था मानसिक आरोग्याचंच काम करते. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. कुठेही गेलात तरी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: साठवण्याच्या आजारावर तुम्ही काम केलंय का, आणि बैठकीसाठी कोणी घरी येऊ शकेल का?

पण सासूबाई डॉक्टरकडे यायला तयार कशा होणार? "तुम्हाला आजार आहे" असं म्हटलंत तर नाहीच होणार. खोलीबद्दल बोलूच नका. गुडघ्याबद्दल बोला. "आई, जमिनीवरून उठताना तुम्हाला किती त्रास होतो ते मी रोज बघते. तुम्हाला तुमच्या पलंगावर झोपता यावं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" आणि मग गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड असतं, पण बसा. त्या म्हणतील, "वाटतं गं, पण सामान कुठे ठेवू?" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं की धागा हाती आला. तो ओढू नका. "मग पलंगापुरतंच बघूया का?" एवढंच.

तोवर एक काम मात्र थांबण्यासारखं नाही, आणि यात मी आईंची भीड बाळगायला सांगणार नाही. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या आगींचा अभ्यास झाला, त्यात सामानानं भरलेल्या घरांच्या आगी एकूण घरगुती आगींमध्ये चारशेत एकच होत्या. पण टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा याच घरांत झाला होता. कागदाचे गठ्ठे पेटायला वेळ लागत नाही आणि बाहेर पडायला वाट नसते. तुमच्या घरात त्या ओट्याजवळ, गॅसच्या शेजारी झोपतात! तेव्हा गॅसची शेगडी नि सिलिंडर, विजेचा मीटर आणि मुख्य दार यांच्या भोवती हातभर मोकळी जागा, आणि प्रत्येक खोलीतून दारापर्यंत दोन माणसं जातील एवढी वाट, हे या आठवड्यात व्हायला हवं. त्यासाठी काही टाकायची गरज नाही. फक्त सरकवायचं. तेही त्यांना सांगून, त्यांच्या देखत: "आई, टाकत काहीच नाहीये, इथून तिथे ठेवतेय." आणि खरोखरच काही टाकू नका. एक बाटली गुपचूप कचऱ्यात गेलेली त्यांना कळली, तर केलेलं सगळं पाण्यात.

त्या नाशिकला जाणार आहेत ना, जाऊ द्या. मागच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली त्यांच्याच पर्समध्ये द्या. पंधरा दिवसांनी परत येऊन त्या खोली उघडतील आणि सगळं जिथल्या तिथे असेल. माझ्या हिशेबी तुमच्या उपचाराची पहिली बैठक हीच.

आता बिल्डर. गणपतीपर्यंत चार महिने आहेत, आणि सव्वीस बैठकांचं काम चार महिन्यांत आटोपणार नाही. म्हणून माझा सल्ला ऐकून तुम्ही कपाळाला हात लावाल: मागच्या खोलीतलं सामान भाड्याच्या घरात बरोबर न्या. होय, दुधाच्या पिशव्यांसकट. जास्तीची एक लहान खोली काही महिने भाड्यानं घ्यावी लागली तरी घ्या. तारीख डोक्यावर असताना "हे ठेवायचं की टाकायचं" असं विचारलं तर उत्तर "ठेवायचं" हेच येणार. खोके आणा, त्यांना क्रमांक घाला, आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते आईंनी स्वतः वहीत लिहायचं. दिवसाला दोन खोके, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. गंमत अशी, की भरताना त्या स्वतःच काही वस्तू बाजूला काढतील. काढल्या तर त्यांच्याच हातानं रद्दीवाल्याला द्यायच्या आणि पैसेही त्यांनीच घ्यायचे. नाही काढल्या तर नाही. वह्या मात्र नीट ठेवा. "पिशव्या, खोके क्रमांक ४, ९, ११, १२, १७" असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पाहणं हा उपचारातला महत्त्वाचा भाग आहे, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

आणि तुमच्या यजमानांना माझा निरोप. "दोघींनी काय ते बघा" हे चालायचं नाही. ते सामान त्यांच्या आईचं, त्यातला काही भाग त्यांच्या वडिलांच्या आठवणींचा. ओट्याजवळची आई त्यांना रोज दिसते. सुनेनं उचललेली पिशवी आणि मुलानं उचललेली पिशवी यांत सासूच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं? खोके भरायच्या अर्ध्या तासाला त्यांनी बसायचं. तुम्ही त्या वेळात मुलीला घेऊन तलावावर फेरी मारून या. तिचंही काहीतरी साचलं असेल, बोलू द्या तिला. टेबल तूर्त तुमच्या खोलीत ठेवा, दहावी काही थांबणार नाही.

इतर वाचक भगिनींसाठी दोन सूचना. एखाद्या वृद्ध माणसानं आयुष्यभर घर नीटनेटकं ठेवलं आणि आता अचानक, वर्ष-सहा महिन्यांत, चिंध्या-कचरा गोळा करायला सुरुवात केली, तर तो हा आजार नसण्याची शक्यता आहे. स्मृतिभ्रंशाचीही सुरुवात अशी होते. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी सूचना, घर भरलंय पण माणसाला त्या सामानाचं काहीच नाही, नुसता कचरा साचलाय आणि माणूस बाहेर पडत नाही, तर ते आणखी वेगळं. २०२५ सालच्या जूनअखेरीस जुईनगरच्या एका फ्लॅटमधून एका गृहस्थांना पनवेलच्या सील आश्रमाच्या कार्यकर्त्यांनी बाहेर काढलं. आई-वडील गेल्यानंतर ते तीन वर्षांहून जास्त काळ घरात एकटेच कोंडून होते. जेवण दारात मागवत. ती जपणूक नव्हती, ते खोल नैराश्य होतं. अशा वेळी वह्या आणि खोके यांत दिवस घालवू नका. दार वाजवा, उत्तर येईपर्यंत वाजवा, आणि त्याच दिवशी मदत बोलवा. तुमच्या इमारतीत असं एखादं बंद दार असेल तर आज संध्याकाळी वाजवून बघा.

राहता राहिली झुरळं. बोरिक पावडर आणि कणीक समसमान घ्या, त्यात चमचाभर साखर आणि भिजेल इतकं दूध घालून बोराएवढ्या गोळ्या करा. त्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवून (झाकणं तुमच्या घरी भरपूर असतील!) गठ्ठ्यांच्या मागे, मोरीच्या कडेला, कपाटाखाली सरकवा. महिन्या-दीड महिन्यानं नव्या करा. पोटात गेली तर ही पावडर विषारी असते, म्हणून पिठाच्या डब्याजवळ ठेवू नका, मळल्यावर हात साबणानं धुवा, मळलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. फवारा मात्र आई झोपतात त्या खोलीत मारू नका, आणि गॅस पेटलेला असताना तर कुठेच नको. गोळ्या कुठे कुठे ठेवल्यात ते आईंना एकदा फिरून दाखवा, नाहीतर त्या गोळा करून, एखाद्या डबीत घालून, जपून ठेवतील.